गोधड्याचा बाप

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची म्हणाल, तर तेव्हा कोंबड्या बोलत आणि माणसांना ते कळतही असे. फक्त कोंबड्यांना कुणी काही विचारत नसे. लहानांनी हे लक्षात ठेवावं, मोठ्यांनी तर ठेवावंच, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

एका घाटाच्या माथ्यावर एक गाव होतं. गावाला दगडी तट, तटाला एक वेस, आणि वेशीवर एक कोंबडा. हा कोंबडा आरवला की राखणदार वेशीचा अडसर काढी. मग गुरं चरायला जात, बाया पाण्याला जात, व्यापारी बैल हाकत घाट उतरू लागत. तो आरवेपर्यंत दार बंद. बाहेर वाघ असो की व्याही, कुणासाठी उघडायचं नाही.

वेशीचा कोंबडा ऐरागैरा नव्हता. तो काळाभोर होता. त्याच्या कुळातल्या कोंबड्या पाटलाच्या परसात काटेरी कुंपणाआड ठेवलेल्या असत, म्हणजे गावातल्या कुठल्या भटक्या कोंबड्याची सावलीही त्यांच्यावर पडू नये. असं हे कूळ एकेचाळीस पिढ्या चाललं होतं, आणि त्याचा हिशेब गावच्या भाटाच्या जिभेवर होता.

रोज पहाटे भाट वेशीवर चढे, कोंबड्यासमोर मांडी घाले आणि त्याचं कूळ गाऊन दाखवी. "मेघवर्णाचा पुत्र कज्जलकंठ, कज्जलकंठाचा पुत्र तिमिरतुरा, तिमिरतुऱ्याचा पुत्र..." शेवटचं नाव होईपर्यंत कोंबड्यानं चोच उघडायची नाही, अशी रीत. कूळ न ऐकता आरवणं म्हणजे मुजरा न करता दरबारात शिरणं, असं भाट म्हणे.

पहिल्या दोनचार पिढ्यांना हे निभावलं. पण पिढी वाढली की नाव वाढे, आणि नाव वाढलं की एक कडवं वाढे. एकेचाळीस पिढ्या गाऊन होईतो दिवस कासराभर वर येऊ लागला. गावाला त्याचं काही वाटत नसे. बाप तेव्हाच उठायचा, आजा तेव्हाच उठायचा, म्हणून पहाट म्हणतात ती हीच, असं सगळे समजत.

या एकेचाळिसाव्या कोंबड्याचं कौतुक तर फारच. त्याच्या आधी तीन वर्षं काळ्या कोंबड्यांची अंडी उबतच नव्हती. कूळ बुडतं की काय, म्हणून पाटलाची झोप उडाली होती. चौथ्या वर्षी हे एकच पिल्लू निघालं. भाटानं त्याच दिवशी त्याच्या दोन्ही पायांना लाल फडकं गुंडाळलं. हा त्याचा मान आहे, म्हणाला, आणि तो कुणी सोडायचा नाही.

आता गावाच्या दुसऱ्या टोकाला चला. तिथं तटाला लागून एक कुंभारीण राहत होती. तीस वर्षांपूर्वी ती घाटाखालून लग्न होऊन आली. नवरा केव्हाच वारला. ती चुली थापी, हंड्या घडवी, गावातलं प्रत्येक घर तिच्या भांड्यात शिजवून खाई, आणि तरीही गाव तिला 'ती खालची' असंच म्हणे. तिच्याकडे एक तांबडी कोंबडी होती आणि त्या तांबडीचा एक लेक.

लेकाचं ध्यान काय सांगावं! मान गिधाडासारखी उघडी. तुरा एका डोळ्यावर कललेला. छाती तांबडी, पाठ राखी, शेपूट अर्धं हिरवं नि अर्धं काळं, आणि पायांवर पिसांचा फाटका पायजमा. देवानं उरल्यासुरल्या चिंध्या जोडून शिवल्यासारखा. म्हणून कुंभारीण त्याला गोधड्या म्हणे.

गोधड्याला कूळ ऐकवणारं कुणी नव्हतं. पूर्वेला जरा पांढुरकं झालं की तो निवालेल्या भट्टीवर चढे आणि मान ताणून आरवे. पहिल्या दिवशी गाव वैतागलं. आठ दिवसांनी गावाला सवय झाली. महिन्याभरात बायांच्या लक्षात आलं की गोधड्याबरोबर उठलं तर दळण, पाणी, झाडलोट सगळं उन्हाआधी उरकतं.

आणि मग ती फजितीची सकाळ आली. एका घरच्या वऱ्हाडाला घाट उतरून मुहूर्ताला पोचायचं होतं. गोधड्या आरवताच नवरदेव बैलावर बसला, वाजंत्री निघाली, सगळे वेशीपाशी येऊन थांबले. दार बंद. वर भाट सतराव्या पिढीवर होता.

"अहो, उघडा की! कोंबडा मघाच आरवला," नवरदेवाचा मामा ओरडला.

"आरवला तो कोंबडा होता, वेशीचा नव्हता," राखणदार म्हणाला.

"आन् हे ऊन पडलंय ते कुणाचंय?"

"ते मला ठाव न्हाई. वेशीचा आरवला की उजाडतं."

भाटानं चोविसावी पिढी सुरू केली. मुहूर्त टळला. नवरदेवाची आई रस्त्यातच बसून रडायला लागली. तेव्हा गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मग त्या कुंभारणीच्यालाच का बसवत न्हाई वेशीवर?" सगळं वऱ्हाड रडायचं सोडून हसलं.

ते हसू पाटलाच्या कानावर गेलं आणि मिरचीसारखं झोंबलं. त्यानं भाटाला बोलावलं. भाटाला तर घामच फुटला होता, कारण वेशीवर दुसरा कोंबडा बसला तर त्याच्या कडव्यांना कोण विचारणार? आता बघा, आरवण्यात तर गोधड्याची चूक काढता येत नव्हती. तो वेळेवर आरवत होता. अशा वेळी लोक काय करतात, ते तुम्हांआम्हांला ठाऊक आहे.

"पाटील," भाट म्हणाला, "त्याचा बाप कोण, ते आधी विचारा."

दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली. ज्या कोंबड्याचा बाप सांगता येत नाही त्यानं गावात आरवू नये. आठ दिवसांनी देवीची जेवणावळ आहे. तोवर बापाचं नाव आलं तर ठीक, नाहीतर अशा कोंबड्याचा रस्सा होईल. दवंडी गावभर फिरली, पण ती कुणासाठी आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. वर पाटलानं निरोप धाडला की जेवणावळीसाठी एक मोठी हंडी कुंभारणीनंच घडवावी.

कुंभारीण तरातरा चावडीवर गेली.

"पाटील, ऋषीचं कूळ आन् नदीचं मूळ विचारू नये म्हणत्यात. मग माज्या कोंबड्यानंच तेवढं काय घोडं मारलंय?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे, बाई," पाटील म्हणाला. "नाव आण, कोंबडा ने."

नाव शोधायला भाट स्वतःच चार म्हाताऱ्यांना घेऊन तिच्या अंगणात आला. त्यांनी गोधड्याला धरला, उलटा केला, सुलटा केला, पंख ताणून पाहिले. एक म्हणाला, मान उघडी आहे, म्हणजे बाप धनगरांच्या तांड्यातला. दुसरा म्हणाला, छे, पायाला पिसं आहेत, बाप तेल्याच्या घरचा. तिसरा म्हणाला, नजर बघा नजर, हा झुंजीच्या कोंबड्याचा. चौथ्यानं शेपटातला काळा भाग पाहिला आणि तो काहीच बोलला नाही, कारण गावात काळं पीस एकाच कुळाचं होतं.

"म्हणजे बाप तीन तरी दिसतात," भाट म्हणाला, आणि कुंपणाबाहेर जमलेली माणसं खदाखदा हसली.

तेवढ्यात पाय तपासताना भाटाचा हात थांबला. कोंबड्याच्या पायाला चार बोटं असतात. गोधड्याच्या उजव्या पायाला पाच होती. भाटानं ती एकदा मोजली, दोनदा मोजली, आणि निखारा लागल्यासारखा पाय सोडून दिला.

"पायाचं राहू द्या," तो घाईघाईनं म्हणाला.

या सगळ्या गोंधळात तांबडी माणसांच्या पायांत घोटाळत होती. "मला इचारा की," ती म्हणत होती. "अवं, मला इचारा की." एका म्हाताऱ्यानं तिला हुसकलं. दुसऱ्यानं काठी दाखवली. शेवटी कुंभारीणच संतापाच्या भरात ओरडली, "हो बाजूला! इथं जिवाशी आलंय आन् तुझं आपलं कटकट, कटकट!" तांबडी गुपचूप भट्टीमागे गेली.

म्हातारे निघून गेले, पण भाट मागे रेंगाळला. त्यानं आवाज एकदम मऊ केला.

"बाई, मी निर्दय नाही. एखादा बाप मी त्याला जोडून देतो. चांगलं घराणं, सात पिढ्यांची नावं, पाटील मान डोलावतील. अट एकच. वेशीचा आरवल्याशिवाय यानं चोच उघडायची नाही."

जीव वाचत होता. एवढंसं तर मागणं होतं. कुंभारणीनं गोधड्याकडे पाहिलं.

गोधड्यानं पंख झटकले, उलटसुलट केल्यानं विसकटलेली पिसं सारखी केली आणि म्हणाला, "भाटबुवा, म्हंजे बाप मिळणार आन् आवाज जाणार?"

"जीव वाचेल तुझा."

"मग न्हाई जमायचं. तुमच्या हंडीत शिजेन, पण उजाडलेलं दिसत असताना झोपेचं सोंग घेणार न्हाई. आईनं मला तसं शिकवलंच न्हाई."

भाट पाय आपटत गेला. कुंभारीण उंबऱ्यात बसली आणि ढसाढसा रडली. तिला त्याचा राग आला होता आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्हींचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. गावानं तिलाही तीस वर्षं हेच विचारलं होतं, कुणाची कोण, कुठली कोण. तिनं मान खाली घालून चुली थापल्या होत्या. या कोंबड्याला मान खाली घालता येत नव्हती, एवढाच काय तो फरक.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पाटलाची हंडी घडवत होती. आपल्याच लेकराला शिजवायचं भांडं आपल्याच हातानं थापायचं, तरी हात वाकडा पडू देत नव्हती. तांबडी येऊन समोर बसली.

"तू पण न्हाई इचारलंस," तांबडी म्हणाली.

थापी कुंभारणीच्या हातातच राहिली.

"बाप कोण ते समद्यांनी समद्यांना इचारलं. भाटाला इचारलं, म्हाताऱ्यांना इचारलं, पिसांना इचारलं. आईला इचारायचं कुणाच्याच डोक्यात आलं न्हाई व्हय?"

कुंभारणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मातीचे हात पदराला पुसले, तांबडीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "चुकलं माजं. सांग बाई."

मग तांबडीनं सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता कुंभारणीचे डोळे आधी ओले झाले आणि मग चमकले. तिनं हंडी पुन्हा पुढ्यात ओढली, ओल्या मातीचा आणखी एक थर चढवला, आणि होती त्याच्या दुप्पट केली, मग वाळवून भट्टीत भाजली.

जेवणावळीचा दिवस उजाडला. पाटलाच्या परसालगत एक जुनी चिंच होती. तिच्या सावलीत सगळं गाव जमलं. चूल पेटली. वेशीच्या कोंबड्याला पाटावर मानानं बसवलं होतं, पायांत लाल फडकं होतं. काटेरी कुंपणातून काळ्या कोंबड्या पाहत होत्या. कुंभारीण डोक्यावर हंडी आणि काखेत गोधड्या घेऊन आली. मागून तांबडी चालत आली.

"नाव आणलंस?" पाटलानं विचारलं.

"नाव न्हाई आणलं, नाव सांगणारी आणलीय. बोल गं."

तांबडी पुढे झाली. गर्दीत कुजबुज झाली, भाट ओरडला की कोंबडीची साक्ष कुठल्या रीतीत बसते. पण पाटलानं हात वर केला. नियम सगळ्यांना सारखा म्हणून त्यानंच तर सांगितलं होतं.

"याचा बाप ह्या चिंचेवर राहायचा," तांबडी म्हणाली. "कुठल्यातरी फिरस्त्याच्या डालग्यातनं निसटून आला होता. कुणाच्याच घरचा न्हवता. त्येला नाव न्हवतं. त्येचा बाप कोण ते मला ठाव न्हाई, म्या इचारलं न्हाई. दाणा सापडला की तो आधी मला हाक मारायचा, म्या खाल्ल्यावर खायचा. एकदा पिलांवर मुंगूस आलं तवा त्येला आडवा गेला, त्यातच मेला. मला एवढं ठाव हाय. उजव्या पायाला त्येला पाच बोटं होती. बाकीचं माज्या तोंडानं सांगायचं न्हाई."

कुंभारणीनं गोधड्याचा पाय वर धरला. जवळच्यांनी बोटं मोजली. पाच.

"म्हणजे निनावी, बेवारस!" भाट एकदम बोलला. "बापाचं नाव नाही. पाटील, नियम स्पष्ट आहे. सुरी आणा." कुणीतरी पाटलाच्या हाती सुरी दिली.

"थांबा," आवाज आला. तो कुंपणाच्या आतून आला होता.

सगळ्यांत म्हातारी काळी कोंबडी, वेशीच्या कोंबड्याची आई, काट्यांना चोच लावून उभी होती. जन्मात पहिल्यांदा ती माणसांशी बोलत होती, त्यामुळे तिचा आवाज जरा घोगरा निघाला.

"माज्या बी लेकाचा बाप कुणी मला इचारला न्हाई," काळी म्हणाली. "तीन वरसं माजी अंडी गार पडली. घरातल्या घरात कूळ राखून राखून अंड्यात जीवच धरंना. तुमी चारी बाजूंनी काटे लावले, पर वर आभाळ उघडंच होतं. चिंचेची ही फांदी बघा कुठवर येती ती. चौथ्या वरसाला तो फांदीवरनं आत उतरला. मलाबी त्यानं आधी दाणा दिला." ती थांबली. "फडकं सोडा माज्या लेकाच्या पायाचं."

कुणी हललं नाही. पाटलानं भाटाकडे पाहिलं. भाट जमिनीकडे पाहत होता.

मग वेशीच्या कोंबड्यानं काय केलं? तो स्वतःच वाकला. त्यानं उजव्या पायाचं लाल फडकं चोचीत धरलं आणि टराटरा फाडलं. खाली पाच बोटं होती. पाचवं बोट जन्मापासून दाबून बांधल्यामुळे वाकडं झालं होतं.

"लहानपणापासनं दुखतंय," तो म्हणाला. "मला वाटायचं, मान असाच दुखत असेल."

जमलेल्या माणसांत कुणालाच हसू आलं नाही. तेव्हा कुंभारणीनं डोक्यावरची हंडी उतरवली आणि पाटलाच्या पायाशी दणकन ठेवली.

"घ्या पाटील. तुमचा नियम आन् माजी हंडी. म्या ती मुद्दाम मोठी घडवलीय, दोन कोंबडी आरामात मावत्यात. चालवा सुरी. आधी कुणाच्या मानंवर, तेवढं सांगा."

पाटलाचा चेहरा उतरला. वेशीचा कापावा, तर एकेचाळीस पिढ्यांचा अभिमान रश्श्यात जातो. एकट्या गोधड्याला कापावा, तर सगळ्या गावासमोर आपल्याच तोंडचा 'सारखा' हा शब्द गिळावा लागतो.

भाटानं शेवटचा प्रयत्न केला. "पाटील, त्या चिंचेवरच्या कोंबड्याला आपण कूळ देऊ. तो एखाद्या देवळाच्या शिखरावरून आला असेल, मी कवन रचतो..."

"नगं!" तांबडी आणि काळी एकदमच म्हणाल्या.

पाटलानं हातातली सुरी खाली ठेवली. "नियम मोडीत काढला," तो म्हणाला. मग शब्द गिळत गिळत, "बाई, तुझ्या कोंबड्यालाही वेशीवर बसव. त्यालाही लाल फडकं बांधू."

"फडकं तुमच्याजवळच असू द्या," गोधड्या म्हणाला. "वेशीवर माजा भाऊ हाय, तो बघंल. म्या आपल्या भट्टीवर बरा हाय. ज्याला उठायचंय तो उठंल."

त्या दिवशी देवीला भाजीभाकरीचा नैवेद्य दाखवला, आणि देवीनं काही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. कुंपणाचे काटे काळीनं समोर उभं राहून काढवून घेतले आणि ती आयुष्यात पहिल्यांदा गावाच्या रस्त्यावरून, दोन्ही बाजूंना बघत, चालत गेली. हंडी चिंचेखालीच राहिली. कुंभारीण रोज तिच्यात पाणी भरू लागली, आणि कुठल्याही घरची कोंबडी येऊन पिऊ लागली.

दुसऱ्या दिवशी भट्टीवरून गोधड्या आरवला. त्याचा आवाज विरायच्या आत वेशीवरून त्याच्या भावानं साद दिली, कारण आता त्याला थांबवून ठेवणारी एकेचाळीस नावं नव्हती. पूर्वेला नुकतं कुठे तांबडं फुटत होतं. गावानं आपली खरी पहाट इतक्या पिढ्यांनंतर पाहिली आणि काही म्हाताऱ्यांना तर ती सहनच होईना, त्यांनी डोळ्यांवर हात धरले. भाटाला पाटलानं वेशीचा अडसर काढायचं काम दिलं. कोंबडा आरवला की लगेच, एकही कडवं न गाता.

आणि त्या गावात कुंभारणीला 'ती खालची' कुणी म्हणालंच, तर ती एवढंच म्हणे, "व्हय, खालचीच. तुमचे पाय दाखवा बघू."

तात्पर्य: दुसऱ्याला त्याचा बाप विचारण्याआधी आपल्या पायाचं फडकं सोडून बघावं.